वारसा बारा बाय वीस

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, हळद शेतात उभी आहे आणि हिंगोली जिल्ह्यात इतिहासप्रेमी उगवले आहेत. हे पीक नोव्हेंबरातच येतं. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, शिवाय हवाही बरी. वारसा दिन तसा १८ एप्रिललाही असतो; पण तेव्हा मराठवाड्यात दगड तापतो, म्हणून त्या दिवशीचं वारसाप्रेम कूलरसमोर आटोपतं.

यंदा मंडळींनी आमच्या शिवारातल्या पडक्या महादेवाच्या देवळाला फ्लेक्स लावला. बारा बाय वीस. देऊळ त्याहून लहान, त्यामुळे आता रस्त्यावरून देऊळ दिसत नाही, वारसा दिसतो.

वर मार्गदर्शक, मध्ये अध्यक्ष आणि चार उपाध्यक्ष, खाली गॉगलसह सदस्य. ‘वारसा सप्ताहानिमित्त हार्दिक शुभेच्छा!’ कोणाला, ते लिहिलेलं नाही. देवळालाच असाव्यात, त्याला गरज आहे. कोषाध्यक्षांच्या हनुवटीखाली पोस्टाच्या तिकिटाएवढा देवळाचा फोटो. नीट पाहिलं तर त्यात उंच गोपुर! आमच्या देवळाला साधं शिखर उरलेलं नाही. अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘काका, आपल्याच देवळाचा फोटो काढायला गेलो होतो, पण पुढं मागच्या वर्षीचा फ्लेक्स होता ना.’’

त्या मागच्या फ्लेक्सवर देऊळ एक हजार वर्षांचं होतं, यंदा पाच हजार वर्षांचं झालंय. वसमतच्या बाजारात हळदीलाही इतकी तेजी कधी आली नाही.

शेजारी वाशिमला, म्हणजे जुन्या वत्सगुल्माला, वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आहे. चौथ्या शतकातला हा राजा. त्याने नांदीकट विभागातलं, म्हणजे आजच्या नांदेडकडचं, एक गाव दान दिलं. अख्खं गाव देणाऱ्याचा सगळा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर मावला. आमची मंडळी नुसत्या शुभेच्छा देतात, आणि त्यांना बारा बाय वीस पुरत नाही म्हणून पुढच्या वर्षीच्या पंधरा बाय तीससाठी वर्गणी आत्ताच सुरू आहे.

आता हा फ्लेक्स बांधलाय कशाला, तेही ऐका. तारेचं एक टोक खांबावरच्या कीचकाच्या गळ्यात. शेकडो वर्षं तो बिचारा छताचा भार पेलतोय, त्यात आता चार उपाध्यक्ष. दुसरं टोक दारातल्या वीरगळात ठोकलेल्या खिळ्याला. वीरगळ कसा असतो, हे सांगायला मंडळी सहली काढतात, माइकवर व्याख्यानं देतात: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवपूजा. सगळं पाठ आहे! आणि खिळा ठोकलाय खालच्या चौकटीत, लढणाऱ्याच्या छातीत. अरे, गावची गुरं सोडवताना मेलेला माणूस असेल तो. शत्रूनं घातला त्याहून खोल घाव तुम्ही घातलात, तोही स्वतःचा गॉगल लोकांना दिसावा म्हणून! गावातल्या म्हातारीनं वीरगळाला शेंदूर फासला की हेच लोक तिला अडाणी म्हणतात. ती निदान रोज त्याच्या पाया पडते. सप्ताह संपला की यांच्यातला एकही जण तार सोडवायला परत येत नाही.

औंढ्याचं महादेवाचं देऊळ संत नामदेवांसाठी फिरलं, म्हणूनच त्याचा नंदी आजही मागच्या बाजूला आहे, असं म्हणतात. आमच्या महादेवालाही या मंडळींकडे पाठ करावीशी वाटत असेल, पण त्याला तारेनं बांधून ठेवलंय.

वाचकहो, तुमच्या गावच्या देवळावर असा फ्लेक्स असेल तर पक्कड घेऊन जा. तार कापा. खिळा मात्र उपटू नका. दगडाचा कपचा निघतो. त्यासाठी जाणकार बोलवा, फक्त तो फ्लेक्सवरचा नसावा.