असन बाप्पा!

पुतणीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक वाक्य आहे: 'रस्ता ओला आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला असणार.' इथं 'मस्ट हॅव' घालायचं. पुरावा डोळ्यांसमोर, दुसरं काही संभवतच नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्या गृहस्थानं बुलढाणा जिल्ह्यातला मे महिना काढलेला दिसत नाही. आमच्याकडे मे महिन्यात रस्ता ओला दिसला, की टँकर गळत गेलेला असतो, नाहीतर पाइपलाइन फुटलेली असते. बाया हंडे-गुंड घेऊन तिकडं आधीच पळालेल्या असतात, त्यामुळे तर्क करायला घरी कुणी उरतच नाही. पुढचं वाक्य: 'घरात अंधार आहे, म्हणजे ते झोपले असणार.' छे! लाइन गेलेली असते आणि घरदार गच्चीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलं असतं.

खात्री असली तर 'मस्ट हॅव', नुसता अंदाज असला तर 'माइट हॅव', शक्यच नसलं तर 'कांट हॅव'. म्हणजे झाल्यागेल्याबद्दल बोलण्याआधी साहेब स्वतःची खात्री तोलून बघतो. वऱ्हाडात ही भानगड नाही. एक 'असन' सगळीकडे चालतं. खात्री किती, ते मान किती हलली त्यावरून ओळखायचं. त्यातही शेजाऱ्याची गोष्ट निघाली की आमचा अंदाज 'माइट'वर थांबत नाही. "त्याच्या पोराची बदली झाली? मंग साहेबाले पाकीट देलं असन!" स्वतःच्या पोराची बदली तेवढी गुणवत्तेवर होते.

पुतणीला हा धडा नीट कळावा म्हणून मी तिला थेट लोणारला नेलं. मस्ट, माइट आणि कांट हे तिघं एकाच खड्ड्यात नांदतात, अशी दुसरी जागा मला माहीत नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं जाणकार म्हणत राहिले, हे ज्वालामुखीचं काम असावं. सगळा मुलूखच लाव्हाच्या काळ्या दगडाचा, तेव्हा त्यांना तरी काय बोल लावणार! १९७३ मध्ये फ्रेड्रिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. ही काच घडते ती आघाताच्या अचाट दाबानं; ज्वालामुखीला ते जमत नाही. झालं! ज्वालामुखी 'कांट हॅव', उल्का 'मस्ट हॅव'.

पण पडली कधी? एक मोजणी म्हणते सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी, आर्गॉनची मोजणी म्हणते सुमारे ५ लाख ७० हजार. आमच्याकडे लग्नातल्या पंगतीचा आकडासुद्धा एवढा हुकत नाही.

काठावर एक आजोबा बिडी विझवत बसले होते. त्यांना ही सगळी चर्चा पोरकट वाटली. "लवणासुर ऱ्हायचा इथं. विष्णूनं मारला त्याले. नाहीतर दैत्यसूदनाचं देऊळ उगाच बांधलं असन काय?" पुतणीनं वही काढली. देऊळ गावात उभं, म्हणजे पुरावा आहे. व्याकरणानं हेही 'मस्ट हॅव'च. आता हिला काय सांगू? मी तिला गोमुखाचं पाणी प्यायला घेऊन गेलो.

तेव्हापासून तिला नादच लागला. अक्षय्य तृतीयेला आम्ही जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला गेलो. तिथं संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती गोल धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाच्या चार महिन्यांची, आणि त्यांवर पाण्यानं भरलेली घागर. रात्री तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे कुठला दाणा सरकला, कुठलं ढेकूळ किती भिजलं, ते बघून वर्षाचं पीकपाणी सांगतात. भाकीत पुढच्या वर्षाचं, पण सगळी मदार काल रात्री काय झालं असेल यावर!

भाकीत सुरू झालं, गर्दी चिडीचूप झाली. आमची पुतणी काही गप्प बसेना. "काका, रात्री एखाद्या मुंगीनं दाणा ओढला असेल तर? माइट हॅव!"

मी तिला कोपर मारायच्या आत शेजारचा शेतकरी वळला. डोक्याचा रुमाल सारखा करत शांतपणे म्हणाला, "ओढला असन ना. पन मुंगीले कोनं धाडलं असन, ते सांग!"