रात्रीची वर्दी

निसर्गाने सशाला आणि घोड्याला डोळे मस्तकाच्या दोन बाजूंस देऊन पाठीमागच्या बऱ्याचशा मुलखावर नजर ठेवण्याची सोय करून दिली. मनुष्याचे मात्र दोन्ही डोळे पुढच्या अंगास बसवून, मागे काय चालले आहे याची चौकशी ज्याने त्याने मान वळवून करावी, असा दंडक घातला. जोवर मनुष्य पायी हिंडत होता, तोवर या दंडकाविरुद्ध त्याने कुठे अपील केल्याचे ऐकिवात नाही. मोटार आली आणि त्याला उलटे चालण्याची गरज पडू लागली. १९५६ साली अमेरिकेतील ब्यूक कंपनीने सेंच्युरियन नावाची एक मोटार प्रदर्शनात मांडली; तिच्यात मागचा आरसा बडतर्फ करून शेपटाशी टेलिव्हिजनचा कॅमेरा आणि चालकापुढे पडदा बसविला होता. ती मोटार प्रदर्शनापुरतीच राहिली. परंतु मे २०१८ पासून त्याच देशात प्रत्येक नव्या हलक्या मोटारीस असा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना मागचा अडथळा हेरून ओरडणारे सेन्सर आवश्यक ठरले, कॅमेऱ्याची सक्ती झाली नाही. पण महसूल खात्यात आयुष्यभर दप्तरावर वाकून राहिलेली माझी मान आता डावी-उजवीकडे वळण्यास राजी नसल्यामुळे, मी तो नाना पेठेतील एका दुकानातून पडद्यासकट स्वखुशीने बसवून घेतला.

दिवसा या यंत्राची वर्तणूक निर्दोष असते. हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रेघांनी ते आपली हद्द आखून देते आणि त्या हद्दीत आलेली कुंडी, मांजर व शेजाऱ्यांची स्कूटर यांची निःपक्षपाती नोंद करते. परंतु रात्री लग्नाची पंगत आटोपून परतल्यावर, सोसायटीच्या अरुंद बोळात गाडी उलटी घालण्यासाठी मी रिव्हर्स गिअर टाकतो न टाकतो तोच, गाडीच्या अंतर्भागात असा काही सूर्योदय होतो की, पहिल्या मजल्यावरील मंडळी गॅलरीत येऊन माझ्या कपाळावरील गंधाचा रंगदेखील सांगू शकतात. शरीरशास्त्र असे सांगते की, अंधारात पाहण्याचे काम डोळ्यांतील ज्या दंडपेशींकडे सोपविलेले आहे, त्यांत रोडॉप्सिन नावाचे एक जांभळट द्रव्य असते. त्याचा साठा अंधारात हळूहळू वाढत जाऊन पुरा होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, आणि प्रखर प्रकाश पडताच त्याची वासलात लागते. लग्नघरापासून बोळापर्यंत मी काटकसरीने जमविलेली ही शिल्लक तो पडदा उभ्या उभ्या खर्ची टाकी. मग खिडकीतून बाहेरचा आरसा पाहावा, तर मधल्या काचेवर माझेच प्रकाशमान मुखमंडल विराजमान झालेले! पाठीमागचे दिसावे म्हणून पदरमोड करून आणलेल्या यंत्राने, मला माझ्या चेहऱ्याखेरीज काहीही दिसू नये असा चोख बंदोबस्त केला होता.

या बाबतीत बडतर्फ झालेला आरसा अधिक पोक्त होता. त्याच्या पोटाशी एक चिमुकला खटका असे आणि त्याची काच पाचरीच्या आकाराची असे. खटका ओढला की पाठीच्या चंदेरी मुलाम्यावरून येणारा झगझगाट छताकडे रवाना होई आणि काचेच्या पुढच्या पृष्ठावरून परावर्तित होणारा शेकडा ४ या बेताचा उजेड तेवढा डोळ्यांपर्यंत पोहोचे. एका बोटाच्या हालचालीत दिवसाची रात्र होई. त्यासाठी अर्ज लागत नसे.

आमच्या पडद्यासाठी मात्र सल्ल्यांचा बाजार भरला. ‘अहो, त्यावर सरळ पंचा टाका,’ असा सौभाग्यवतींचा निकाल पडला, तर चिरंजीवांनी रात्री गॉगल लावण्याची शिफारस केली. शेजारच्या निवृत्त वकिलांनी पडद्यावर काळी फिल्म चिकटविण्याची तोड सुचविली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्यास केलेली मनाई मोटारीच्या काचांपुरती असून ती पडद्यास लागू होत नाही, असे मत विनामूल्य दिले. कायद्याने ती फिल्म टिकली खरी, पण दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पडद्यावरून कुंडी, मांजर आणि स्कूटर ही तिन्ही एकदम फरारी झाली. अखेर पडद्याची प्रखरता कमी करण्याचा हुकूम मी त्याच्याच पोटातून शोधून काढला. तेव्हा असे निष्पन्न झाले की, एरवीचा पडदा आणि मागचे चित्र हे दोन स्वतंत्र इलाखे असून एकातील फर्मान दुसऱ्यात चालत नाही. मागच्या चित्राचा फैसला करावयाचा तर गाडी रिव्हर्समध्येच उभी असावी लागते, आणि रात्रीच्या सोयीने केलेला फैसला सकाळी पुन्हा फिरवावा लागतो.

शेवटी मी एका वायरिंगच्या कारागिराला शरण गेलो. त्याने पडदा खोबणीतून बाहेर ओढला, तारांच्या जुडग्यात बोटे घातली आणि पांढऱ्या रेघेची एक नारिंगी तार माझ्यापुढे धरली. तिचे टोक काळ्या चिकटपट्टीने बांधलेले होते.

“ही इल्युमिनेशनची, काका. पार्किंग लाइटच्या वायरला जोडायची असते. लाइट लावले की हिच्यात बारा व्होल्ट येतात, मग स्क्रीनला कळतं की रात्र झाली.”

म्हणजे, ज्याला मी उद्दाम समजत होतो, त्या पडद्यास रात्र झाल्याची वर्दीच कोणी पोहोचविली नव्हती! बसविल्या दिवसापासून त्याच्या दप्तरी दुपारच चालू होती, आणि मध्यरात्री माझ्या डोळ्यांत ऊन ओतताना तो आपले विहित कर्तव्य बजावीत होता. पूर ओसरून शेतात ज्वारी डोलू लागली तरी वरून हुकूम न आल्यामुळे पूरग्रस्तांची यादी इमानाने चालू ठेवणाऱ्या कचेरीत ज्याची हयात गेली, त्याला अशा कर्मचाऱ्यावर ठपका ठेवणे शक्य नव्हते.

तार जोडली गेली. दिवे लावताच पडदा खाली मान घालून बोलू लागला. पावसाळ्यात भर दुपारी दिवे लावले तर तो रात्र समजून मंदावतो, कारण आलेली वर्दी खरी की खोटी याची शहानिशा तो करीत नाही. परंतु हेही शिरस्त्यास धरूनच आहे.

निघताना मी विचारले, “पण बसवतानाच का नाही रे जोडली त्यांनी?”

“सगळ्यांचीच सोडतात, काका,” चिकटपट्टी दाताने तोडीत तो म्हणाला. “लाइटची वायर शोधत कोण बसणार? जो तक्रार घेऊन येतो, त्याची जोडायची.”

राज्यकारभाराचे इतके निखळ सूत्र माझ्या वरिष्ठांपैकी कोणाच्या मुखातून मी ऐकले नव्हते. त्याने सांगितलेली मजुरी मी ताबडतोब चुकती केली. आपल्याच खात्याचा मनुष्य भेटल्यावर त्याच्याशी घासाघीस करणे शिष्टसंमत नव्हे.