फेरचौकशी

महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकून या पदावरून सेवानिवृत्त झालेला गृहस्थ जेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारातून एखादा वापरलेला लॅपटॉप बगलेत मारून घरी येतो, तेव्हा त्याने एक यंत्र खरेदी केले असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समज होत असला, तरी वस्तुतः निवृत्तीच्या दिवशी हातून सुटलेले दफ्तर त्याने पुन्हा उघडलेले असते. अशा गृहस्थाला आपण सोयीपुरते अण्णा म्हणू. प्रत्येक पेठेत निदान एक अण्णा असतोच.

बॅटरी किती टिकते, पडदा फुटका तर नाही ना, असल्या प्राकृत चौकशा अण्णा करीत नाहीत. "काका, सगळं चालू आहे, फक्त डीव्हीडी तेवढी वाचत नाही," असा कबुलीजबाब विक्रेत्याने दिला की त्यांच्या मुद्रेवर प्रसन्नता पसरते आणि सौदा तिथेच पुरा होतो. घरी सांगण्यासाठी सबब तयारच असते: मुलीच्या लग्नाची डीव्हीडी कपाटात पडून आहे, आणि हल्लीच्या नव्या लॅपटॉपांना तबकडीचा खणच नसतो. सबब खरी आहे. खऱ्या सबबी शोधून काढण्यातच अण्णांची उमेदीची वर्षे खर्ची पडलेली आहेत.

त्याच सायंकाळी दोनशेपानी वही उघडली जाते आणि पहिला पंचनामा होतो. तबकडी मधल्या गोल कण्यावर 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबून बसवली. खण बंद केला. तबकडी फिरली, थबकली, पुन्हा फिरली. आणि अखेरीस पडद्यावर 'कृपया तबकडी घाला' असा हुकूम उमटला. जो इसम समक्ष हजर आहे त्यालाच हजर राहण्याची नोटीस काढणारे हे यंत्र पाहून अण्णांना आपल्या जुन्या कचेरीची इतकी तीव्र आठवण होते, की ते चहा घेण्याचेही विसरतात.

पहिला संशय अर्थातच तबकडीवर. ती मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलगोल पुसू नये, यावर अण्णा कोणत्याही अभ्यागताला सविस्तर व्याख्यान देतात. मजकूर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत कोरलेला असल्यामुळे आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला नाममात्र अंश खातो व तेवढी तूट यंत्र हिशेबाने भरून काढते; परंतु रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूरच गिळंकृत करतो. शिवाय लोक सीडीची चकचकीत बाजू प्राणपणाने जपतात आणि छापील बाजूवर खुशाल बॉलपेनने नाव गिरवतात, वास्तविक परावर्तक थर त्या छापील बाजूच्याच खाली, वार्निशाच्या पातळ पापुद्र्याआड असतो. हे ऐकताना अभ्यागत घड्याळाकडे पाहतो. अण्णा ते पाहत नाहीत.

यानंतर अण्णांच्या बुद्धीची खरी चमक दिसते. नाट्यसंगीताची एक सीडी घालताच ती सुरळीत वाजते. डीव्हीडी मात्र एकही उघडत नाही. सामान्य मनुष्य इथे गोंधळला असता. अण्णांनी मात्र वहीत नोंद केली, की सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा तांबडा; एकाच खणात हे दोन स्वतंत्र अंमलदार नेमलेले असून पहिला कामावर आहे, दुसरा बेपत्ता. भाच्याने मध्येच "मामा, रजिस्ट्रीतून अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स उडवून बघा," अशी सूचना केली. ती अण्णांनी, ड्राइव्ह यादीत दिसत आहे व सीडी वाचत आहे, सबब हा उपाय प्रस्तुत प्रकरणी गैरलागू, असा शेरा मारून फेटाळली. हा शेरा बिनचूक होता, हे इथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. अण्णांची थट्टा करणाऱ्यांना अण्णा बहुधा बरोबर असतात, ही मोठीच अडचण आहे.

भिंगही पुसून झाले. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग खणाबरोबरच बाहेर येते, त्यामुळे धुळीची सोय होते आणि अण्णांचीही. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेला कापूस, सूक्ष्म तारांवर तोललेल्या त्या थेंबाएवढ्या भिंगावरून त्यांनी अशा हळुवारपणे फिरवला, की तेवढे मार्दव त्यांच्या वाट्याला आलेल्या एकाही खातेदाराने अनुभवले नसेल.

गुण आला नाही, तेव्हा स्वारी तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथला मुलगा म्हणाला, "काका, काढून टाका ना ड्राइव्ह. त्या जागी कॅडी टाकून एसएसडी बसवतो, मशीन नुसतं पळेल." व्यवहाराच्या दृष्टीने याहून शहाणा सल्ला नव्हता. परंतु गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच बडतर्फी, ही कल्पनाच अण्णांना असह्य झाली, आणि तडक जुना बाजार गाठून त्यांनी त्याच मॉडेलचा आणखी एक लॅपटॉप विकत घेतला. याचा कीबोर्ड निकामी होता, ड्राइव्ह उत्तम. तळाचा एकच स्क्रू काढून ड्राइव्हची अदलाबदल केली, आणि लग्नाची डीव्हीडी तत्काळ सुरू झाली, सनईही वाजली. आतून काकू लगबगीने आल्या, त्या येईपर्यंत अण्णांनी 'जोडणी निर्दोष, दोष मूळ ड्राइव्हमध्येच' अशी नोंद करून तबकडी बाहेर काढली होती आणि चांगला ड्राइव्ह ज्याचा त्याला परत करण्यासाठी पुन्हा स्क्रू सैल केला होता.

"अहो, लावली होती ना आता? मग बघू द्या की!"

"चाचणी होती ती, अगं. किरण क्षीण झालाय की खणाची पट्टीवजा केबल झिजलीय, ते अजून ठरायचंय."

काकूंनी सांगितले, की भाच्याने ते सबंध लग्न त्यांच्या फोनवर केव्हाच घालून दिले आहे आणि त्यांचे दोनदा पाहूनही झाले आहे. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तो दुय्यम पुरावा," ते म्हणाले, "मूळ दस्तऐवज उपलब्ध असताना ग्राह्य नाही. तो बारका स्क्रू-ड्रायव्हर दे बघू इकडे."