ढेपेवरचे धन्वंतरी

सातारा-सांगलीच्या उसाच्या कपाळी हल्ली दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात. कारखान्याच्या गव्हाणीत पडला तर त्याची साखर होते, म्हणजे पांढरं विष. त्याच सरीतला, कृष्णेच्या त्याच पाण्यावर पोसलेला ऊस गुऱ्हाळावर उतरला तर त्याचा गूळ होतो, म्हणजे औषध. विषाचं औषध करण्याची ही किमया आपल्या कोयत्यावर ठरते, हे ऊसतोड मजुराला अजून कुणी सांगितलेलं नाही. नाहीतर त्यानं तोडणीचा दर डॉक्टरच्या फीनुसार मागितला असता.

महामार्गावर कराड सोडून पेठ नाक्याकडे निघालं की हा दवाखाना दिसू लागतो. ‘सेंद्रिय गूळ, केमिकलमुक्त काकवी’ असा फलक, आणि त्याखाली रोगांची यादी. रक्त वाढतं, हाडं धरतात, पोट साफ होतं, सांधे सुटतात, चेहरा उजळतो, आणि शेवटी, गिऱ्हाईक जिथं हमखास थांबतं ते वाक्य: मधुमेहींनाही चालतो.

पुण्याची गाडी थांबते. बाई विचारतात, “चालतो ना हो नक्की?”

“न चालायला काय झालं, मॅडम? माझा आजा रोज मूठभर खायाचा, नव्वदीत गेला.”

आजा पहाटेपासून मोट हाकायचा, हे फलकावर लिहायला जागा उरलेली नसते.

फलकाच्या मागं गुऱ्हाळात मात्र फार प्रामाणिक काम चालू असतं. चुलवणात चिपाडं ढकलली जातात, काहिलीत रस उकळतो, रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. गुळव्या पाक पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. ती नीट वळली की काहील उतरते. त्या माणसाला विचारून बघा, यानं सांधे सुटतात का. तो आपलाच गुडघा चोळत म्हणेल, “गूळ हाय त्यो. ग्वाड लागतो.” इतकं शास्त्रीय विधान त्या संपूर्ण महामार्गावर दुसरं सापडणार नाही.

आता त्या गोडाचा हिशोब. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात साडेतीनशे ते पावणेचारशे. गुळात लोह असतं, हे खरंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅमला साधारण साडेचार मिलिग्रॅम दिलंय. बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, असंही हीच संस्था सांगते. म्हणजे गुळानंच रक्त वाढवायचं म्हटलं तर रोज सहाशे ग्रॅमच्या वर गूळ हाणावा लागेल. आणि याच संस्थेनं 2024 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा, आणि त्या साखरेत गूळ आणि मधही धरा. थोडक्यात, एका दिवसाच्या लोहासाठी चोवीस दिवसांचा गोडाचा शिधा एका बैठकीत संपवायचा. रक्त वाढेल की नाही सांगता येत नाही, रक्तातली साखर वाढेल एवढं नक्की.

“पण गुळानं फुप्फुसं साफ होतात, प्रयोग झालाय!” झालाय की. 1994 साली लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. कोळशाची नि सिलिकाची धूळ ज्यांच्या फुप्फुसात घातली होती त्यांना गूळ दिल्यावर ती धूळ जास्त सरकली, असं त्यांना दिसलं. ते रुग्ण म्हणजे उंदीर होते. त्यांचं अभिनंदन. मात्र आपल्याकडं उंदीर गोदामातला गूळ खातो तेव्हा आपण त्याला उपचार म्हणत नाही.

गोडाचं औषध करून विकण्याच्या या धंद्यात आपणच अडाणी आहोत असं कुणी समजू नये, अमेरिकाही आपल्या पंगतीत आहे. टेक्सासमधल्या मॅनाटेक नावाच्या कंपनीनं शरीराला आठ साखरा लागतात म्हणून त्यांची पावडर विकली. माणसामाणसांच्या साखळीनं ती घरोघरी गेली आणि कर्करोगापासून डाऊन सिंड्रोमपर्यंत सगळ्यावर तिचा उतारा सांगितला जाऊ लागला. तिथल्या ॲटर्नी जनरलनं 2007 मध्ये खटला भरला. 2009 मध्ये तडजोड झाली, ग्राहकांना परत करायला चाळीस लाख डॉलर काढावे लागले, संस्थापकाला दहा लाखांचा दंड बसला. आपल्याकडंही मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. फक्त तो कायदा महामार्गावर ऐंशीच्या वेगानं जात असल्यामुळं त्याला फलक वाचता येत नाहीत.

खरी गंमत पुढंच आहे. पूर्वी गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असायचा, म्हणून त्यात रंग उजळायला हायड्रोस पावडर पडायची. आता काळा हवा, म्हणून काळाच शुद्ध. आणि पश्चिम महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात तेव्हा काही गुऱ्हाळांत काय सापडतं? साखरेची पोती. साखर स्वस्त पडली की ती पाकात विरघळवून गूळ वाढवायचा. पांढरं विष तांबडं होऊन बाहेर पडतं आणि मॅडम ते साखर टाळण्यासाठी घेऊन जातात.

आमच्या भागातले कारखाने हे फार दिवस मुकाट बघत बसतील असं मला वाटत नाही. येत्या एखाद्या सर्वसाधारण सभेत, सवलतीच्या साखरेचा विषय संपला की, बिनसाखरेचा चहा पीत चेअरमन ठराव मांडतील: आपल्याच साखरेत थोडी मळी परत घालून ‘आरोग्यवर्धक शर्करा’ काढावी, पाव किलोच्या बरणीत, तिप्पट दरानं. सूचक बसायच्या आत अनुमोदक उठेल. मंडपातून “मंजूर, मंजूर!” होईल. मागच्या रांगेतला एखादा सभासद गेल्या हंगामाच्या राहिलेल्या बिलाचं विचारायला उभा राहील, आणि नेमका तेव्हाच माईक बंद पडेल.