दोरीचे वेगळे किती?

"काय हो वहिनी, तुमच्या धाकट्याचा फोटो पाहिला! पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावरनं सोनेरी दोरी लोंबतेय. ॲडमिरल झाला की काय एवढ्यात?"

"कुठला ॲडमिरल, काकू! ॲडमिरलांच्या मागे उभा राहतो तो. फ्लॅग लेफ्टनंट म्हणतात. हाक मारताना नुसतं 'फ्लॅग्ज'."

"नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं कसलं! साहेबांचा सबंध दिवस याच्या डोक्यात. गाडीवर झेंडा लागलाय ना, ताऱ्यांची पाटी उघडलीय ना. साहेब गाडीत नसले की ती पाटी झाकायची, बरं का! आणि जेवणाला पाहुणे असले की कोण कुणाशेजारी ते ज्येष्ठतेनं लावायचं. एक नावाची चिठ्ठी इकडची तिकडे झाली, की कुणाच्या तरी सौभाग्यवतींचं तोंड फुगलंच."

"म्हणजे वरमाईचे मानपान सांभाळायचे, दुसरं काय!"

"अगदी! आणि गंमत सांगू? परवा घरच्यांना जहाजावर बोलावलं होतं. होडी लागली, तर हा टुणकन साहेबांच्या आधी आत. मला मेलीला घाम फुटला. पण तिथली रीतच तशी. होडीत चढताना धाकटे आधी, साहेब शेवटी. उतरताना साहेब पहिले. म्हणजे थोरांना हेलकावे खात खोळंबावं लागत नाही. मग साहेबांचा पाय जहाजाला लागतो न लागतो तोच शिट्टी, आणि सगळे ताठ! साहेबांच्या खांद्यावर महाराजांच्या राजमुद्रेवरनं घेतलेला अष्टकोन. खांद्यावरची चिन्हं बदलणार असं 2023 च्या नौदल दिनाला सिंधुदुर्गात जाहीर झालं होतं ना, त्यातलाच हा."

"ते ठाऊक आहे हो, आंग्र्यांच्या अलिबागेत राहतो आपण! पण पगार? दोरीचे वेगळे किती मिळतात?"

"दोरीचे कसले! पगार हुद्द्याचा. लेफ्टनंटला सातव्या आयोगाप्रमाणे मूळ वेतन 61,300 पासून, वर 15,500 लष्करी सेवा वेतन, शिवाय महागाई भत्ता. बरा आकडा होतो, खोटं कशाला बोलू? पण जहाजावर होता तेव्हा समुद्रभत्ता मिळायचा, तो किनाऱ्यावर आल्यावर बंद."

"अगंबाई! म्हणजे थाट वाढला नि पैसे घटले."

"तर काय! गणवेशाचे पैसे जुलैच्या पगारात वर्षातून एकदाच येतात. 2017 साली 20,000 ठरवले होते. आणि हे कपडे गळ्यापर्यंत बटणांचे, पांढरे, त्यात मुंबईची हवा! बगलेत घामाचा पिवळा डाग दिसला की घरी फोन, आई, हा कशानं जातो? लिंबू चोळ म्हटलं, दुसरं काय सांगणार!"

"किती दिवस चालायचं हे?"

"साहेबांची बदली झाली की बहुतेक हाही परत जहाजावर."

"मग लग्नाचं आत्ताच उरका, वहिनी. समुद्रावर गेला की मुलीकडचे शंभर फाटे फोडतात."