माल तपासून घेतला

बहरीनमधल्या सलमाबादला गॅरेजं, वर्कशॉपं आणि गोदामं उभी राहिल्यावर जी जागा उरली, तिला रस्ता म्हणतात. तिथल्या एका स्पेअर पार्टच्या गोदामात अण्णा स्टोअरकीपर आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘जपान’ दिसलं की अण्णा आधी खोकं उलटं करतात. ‘जपान’च्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात ‘टेक्नॉलॉजी’ असतं आणि तळाला भलताच देश. हे फक्त अण्णांना दिसतं. त्यांच्या सहीशिवाय ब्रेक पॅडसुद्धा आत येत नाही.

गोदामापुरतं हे ठीक होतं. पण शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्री मंडळी जमली की अण्णा बाटलीही तशीच आवक करून घेतात. इथे बिगरमुस्लिमांना परवान्याच्या दुकानात दारू मिळते. मुंबईसारखी पर्मिटची भानगड नाही, त्यामुळे तपासणीची सगळी जबाबदारी आपल्यावर आली, असा अण्णांचा समज आहे. ग्लासात बर्फ पडलेला, शेंगदाण्यावर कांदा पडलेला, आणि बाटली अण्णांच्या हातात, ट्यूबलाइटखाली.

“सिंगल माल्ट. सिंगल म्हणजे काय?”

“एका पिंपातली,” कोणीतरी घाईने म्हणतं. लवकर सुटावं एवढीच इच्छा.

“चूक. एका डिस्टिलरीतली. पिंपं शंभर असोत. माल्ट केलेली बार्ली, तांब्याचं पॉट स्टिल, आणि पत्ता एक. दोन पत्त्यांचे माल्ट एकत्र केले की ब्लेंडेड माल्ट. त्यात दुसऱ्या धान्याची ग्रेन व्हिस्की मिसळली की नुसती ब्लेंडेड. आपण आजवर प्यायलो ती बहुतेक हीच.”

बर्फाचं पाणी होतं. अण्णा वयावर येतात. बारा वर्षं म्हणजे आतल्या सर्वांत धाकट्या व्हिस्कीचं वय; सोबत तिशीची थोरली असली तरी तिने गप्प बसायचं. आकडाच नसेल तर? “तर किमान तीन वर्षं धरायची. ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्ये, तीन वर्षं काढल्याशिवाय स्कॉच म्हणता येत नाही. बाकी ‘रेअर’, ‘स्पेशल’, ‘रिझर्व्ह’ ही नुसती रांगोळी. स्कॉचच्या कायद्यात त्यांची व्याख्या नाही.” छापलेलं सगळेच वाचतात, अण्णा न छापलेलं वाचतात.

बर्बनबद्दल त्यांना ममत्व आहे. निदान ५१ टक्के मका, आणि आतून जाळलेली कोरी पिंपं. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही, मग ती पिंपं स्कॉटलंडला जातात आणि तिथले लोक त्यात आपला माल मुरवतात. “सेकंडहँड पार्ट,” अण्णा कौतुकाने म्हणतात, “पण कागदपत्र चोख.”

एकदा अमेरिकन बाटलीवर ‘८० प्रूफ’ वाचून गॅरेजमधली पोरं हरखली, कारण गावाकडची ७५ डिग्रीची होती. अण्णांनी जेवण थांबवलं. अमेरिकन प्रूफ निम्मं करायचं, म्हणजे ४० टक्के. आपली डिग्री जुन्या ब्रिटिश मापाची, त्यातली ७५ म्हणजे ४२.८ टक्के. “गावाकडचीच कडक!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, अण्णांच्या विद्येचा कोणाला आनंद झाला असा हा एकमेव प्रसंग.

कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितलं की भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीचं स्पिरिट असतं आणि युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत. मंडळींत एक सांगलीचे होते. “अण्णा, मळीला नावं ठेवायची नाहीत. आमचं शिक्षण साखर कारखान्यावर झालंय.” वातावरण तापलं. अण्णांनी मग बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीचा दाखला काढला. तिचा सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत विकायला ठेवला होता, बार्लीचा. गोव्याचा पॉल जॉनही बार्लीचाच. आपल्याकडे उकाड्याने माल लवकर मुरतो, पण उडतोही. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के हवेत जाते, बंगळूरला दहाच्या वर.

“मग सलमाबादला पिंप ठेवलं तर?”

अण्णांनी गंभीरपणे हिशेब केला. “ऑगस्टपर्यंत लेबल उरेल.”

रमजानात हॉटेलांतले बार बंद असतात, अण्णांचं वाचन बंद नसतं. गेल्या रमजानात त्यांच्या हाती भाचीसाठी आलेला बायोडेटा लागला. त्यांनी तो प्रथम उलटा केला. मागे काही नव्हतं, ही पहिली शंका.

“‘वेल सेटल्ड’. व्याख्या नाही. ‘नामांकित कंपनीत’. कोणत्या, ते दडवलंय. जन्म सातारा, शिक्षण पुणे, मुक्काम अबू धाबी. म्हणजे गाळली एकीकडे, मुरवली दुसरीकडे, बाटलीत भरली तिसरीकडे. आणि वय कुठाय?”

“अहो, फोन करून विचारा ना,” वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी लगेच मुलाच्या वडिलांना फोन लावला. एकत्र कुटुंब आहे का? आहे. सगळे एकाच पत्त्यावर? नाही, दोन घरं आहेत. अण्णांनी बायोडेटाच्या कोपऱ्यात ‘ब्लेंडेड’ असं लिहिलं. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, “घरात सर्वांत धाकटं कोण?”

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग उत्तर आलं, “धाकट्याचा मुलगा. नुकती तीन पूर्ण झाली.”

“बसतं,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.