एका उत्तरात पाच घरे

नागरिकांच्या समाधानाची पाहणी करायला निघालेल्या संस्थेला सोलापुरात मुख्य अडथळा असमाधानाचा नसून बंद दाराचा येतो, आणि हे दार शहराच्या सर्व भागांत सारख्या प्रमाणात बंद नसते. निवडलेल्या घरांपैकी जितकी घरे प्रत्यक्ष उत्तर देतात, त्या प्रमाणास प्रतिसाद दर म्हणतात. जुळे सोलापुरातील निवृत्त अधिकारी प्रगणकाला खुर्ची देतो, चहा देतो आणि न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देतो; पूर्व भागातील विडी कामगार स्त्री घरातच असते खरी, परंतु तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरत असल्याने चाळीस प्रश्नांची किंमत किती विड्या, हा हिशेब तिला प्रगणकाच्या आधी जमतो. रात्रपाळी करून झोपलेला यंत्रमाग कामगार उठतच नाही, आणि उठला तरी तेलुगू बोलणाऱ्या त्या घरात ‘नागरी सेवांच्या गुणवत्तेबाबत आपली समाधानपातळी’ असले मराठी, जे मराठी घरांतही कोणी बोलत नाही, त्याला पुन्हा झोपवण्यास पुरेसे ठरते.

या विषमतेवर संख्याशास्त्राने भारांकन नावाचा उपाय योजला आहे. समजा, सारख्या लोकवस्तीच्या दोन भागांतून प्रत्येकी 100 घरे निवडली आणि एका भागात 80, तर दुसऱ्यात 20 घरांनीच उत्तर दिले, तर पहिल्या भागातील प्रत्येक उत्तर सव्वा घराचे आणि दुसऱ्यातील प्रत्येक उत्तर पाच घरांचे धरले जाते. नगरसेवकालाही सहजी न लाभणारे प्रतिनिधित्व त्या वीस घरांना असे निवडणुकीवाचून मिळते.

अट एवढीच, की न बोललेली घरे त्याच भागातील बोललेल्या घरांसारखीच आहेत, असे मानावे लागते. उजनी धरणाच्या पाण्यावर विसंबून असलेल्या आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात पाणीपुरवठ्याविषयी विचारताना हे गृहीतक विशेष शोभून दिसते. कारण नळ आला त्या घटकेस ज्याच्या गच्चीवर टाकी आणि खाली मोटर आहे, तोच प्रगणकाशी बोलायला मोकळा असतो, बाकीचे घागरी भरत असतात. मग टाकीवाल्याचे समाधान पाचाने गुणले जाऊन घागरवाल्या चौघांच्याही नावे जमा होते, आणि पाणी न वाढता तृप्ती वाढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निवडलेले घर बंद असल्यास शेजारचे घर घेण्यास मनाई असते. प्रगणकाला त्याच दारी पुन्हा जावे लागते आणि भार लावण्याची वेळ त्यानंतर येते. हा मार्ग अर्थातच खर्चिक आहे, कारण त्यासाठी संध्याकाळी जाणारा, पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारा प्रगणक लागतो, आणि त्याला भत्ताही द्यावा लागतो. त्यापेक्षा अकरा ते पाच या वेळात जेवढे सोलापूर सापडेल तेवढे मोजावे आणि उरलेले गुणाकाराने निर्माण करावे, हे कोणत्याही अंदाजपत्रकाला परवडणारे आहे.

सोलापूरकरांनी मात्र समाधानाची टक्केवारी वाचण्याआधी, कोणत्या भागातील किती घरांनी किती वाजता दार उघडले, याचा तक्ता मागून घ्यावा.